पोशाच्या नावची पार्सलं

जनीला जाऊन वर्ष व्हायला अकरा दिवस उरले, तेव्हा चांगो भोईर कर्जतच्या सोनाराकडून बायकोचा टाक घेऊन आला. दोन बोटं रुंद चांदीचा पत्रा आणि त्यावर हात जोडून उभी असलेली बाई. बाई कुणासारखीच दिसत नव्हती. चांगोनं तसं म्हटल्यावर सोनार म्हणाला, "सगळ्यांच्या अशाच असतात. देव्हाऱ्यात बसली की घरची होते."

जनी कुंकवासकट गेली होती. तिचा मान सवाष्णीचा. वर्ष भरलं की तिला घरच्या देवांत बसवायची, चांगोच्या आजीच्या टाकाशेजारी, ही भोईरांची रीत. तोवर टाक तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा. चांगोनं तो पुरला आणि त्या दिवशी सवाष्णीला द्यायला जनीचं एखादं कोरं लुगडं मिळतंय का, म्हणून तिची लाकडी पेटी उघडली.

लुगडं मिळालं. त्याच्या घडीत एक पितळी डबी होती आणि डबीत दोऱ्यानं बांधलेली चार कार्डं. पोस्टाची होती एवढं शिक्क्यांवरून कळत होतं. चांगोला वाचता येत नव्हतं आणि जनीलाही नव्हतं. ज्या बाईला अक्षर येत नाही तिनं कागद एवढा जपून ठेवावा, याचं त्याला नवल वाटलं. प्रत्येक कार्डावर खालच्या बाजूला एक अंगठा उमटलेला होता. तो जनीचा नव्हता, बाईचा अंगठा एवढा मोठा नसतो. चांगोचाही नव्हता. आपण अशा कार्डावर कधी अंगठा दिलाच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी कडावहून टपाल घेऊन हिरू पोस्टमन वाडीत आला, तेव्हा चांगोनं त्याला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि कार्डं पुढं केली.

"काका, ह्या तर पोचपावत्या," हिरू म्हणाला. "रजिस्टर पार्सल पोचलं का घेणाऱ्याची सही घेऊन कारड माघारी येतं. धाडणाऱ्याला कळावं म्हनून."

"कुणी धाडलंय?"

"जनी चांगो भोईर. म्हंजे आपली काकीच की!"

"आन् कुणाला?"

हिरूनं कार्ड उन्हात धरलं. "पोशा नवशा ठोंबरे. मुक्काम कोयनानगर." दुसरं बघितलं, तिसरं, चौथं. "चारींवर त्याचंच नाव हाय. ह्यो कोण, पाव्हणा का?"

चांगोनं तांब्या उचलून बाजूला ठेवला. "हां," तो म्हणाला. "पाव्हणाच."

"काकीनं चार चार पार्सलं धाडली म्हंजे जवळचा दिसतोय," हिरू म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण चांगो संध्याकाळपर्यंत त्याच ओट्यावर बसून राहिला.

पोशा ठोंबरे हा पाहुणा नव्हता. तो खालापूरकडचा. खोपोलीला पाण्याचे मोठे नळ घालायच्या कामावर दोघांची ओळख झाली होती. तिथलं काम संपल्यावर कोयनेला धरणाच्या बोगद्यात माणसं हवीत असं कळलं, आणि ज्यांना दगड फोडायची सवय होती ते सगळे तिकडं गेले. चांगो आणि पोशा एका खोलीत राहिले. खोली पोशाच्या नावावर होती, कारण पोशा चार बुकं शिकला होता आणि कागदावर सही करू शकत होता. चांगोची घरची कार्डंही तोच लिहायचा. चांगो सांगायचा, पोशा लिहायचा. पोशाचं लग्न झालेलं नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले होते.

आणि तरी त्या वर्षी पोशाला पार्सलं येत होती.

ते चांगोला स्वच्छ आठवत होतं, कारण तेव्हा त्याचा फार जळफळाट झाला होता. पहिलं आलं ते तांदळाच्या फेण्यांचं. पोशानं चुलीवर तेल ठेवून त्या तळल्या आणि निम्म्या चांगोपुढं ठेवल्या. चांगो म्हणाला, "कुणी रं धाडल्या?" पोशा म्हणाला, "हाय एक मावशी." दुसऱ्यात सुकट आणि कडवे वाल होते. तिसऱ्यात हातानं शिवलेली, आत कापूस घातलेली जाड बंडी. बंडी पोशाच्या अंगावर पोत्यासारखी लोंबत होती आणि तिचा छातीवरचा खिसा भलत्याच बाजूला, उजवीकडं होता. विडी काढायची तर पोशाला हात वाकडा करावा लागायचा. चांगोनं त्याची मनसोक्त थट्टा केली. "तुझ्या मावशीला शिवता येत नाय रं! माप तरी घ्यायचं व्हतं!" पण त्या थंडीत स्वतःचे खांदे चोळत तो अंथरुणावर पडला, तेव्हा त्याच्या मनात आलं होतं, की आपली लग्नाची बायको आहे, मुलगी आहे, आई आहे, आणि आपल्याला साधी सुपारी कुणी धाडत नाही. हा अनाथ, आणि याला बंडी.

आता जनीची कार्डं हातात घेऊन तो तेच पुन्हा म्हणाला, फक्त जरा मोठ्यानं. "याला बंडी."

रात्री जेवला नाही. सकाळी तांदळाच्या डब्याकडं बघितलं आणि झाकण उघडलं नाही.

मग तो कर्जतच्या पोस्टात गेला. जाळीमागं सबनीस मास्तर होते, पांढऱ्या केसांचे, कानावर पेन्सिल.

"पार्सलाचा तपास करायचाय," चांगो म्हणाला.

"केव्हा टाकलं होतं?"

"एकोणसाठ साली."

मास्तरांनी चष्मा काढला. "आता पंचाहत्तर चाललंय, बाबा. एवढ्या दिवसांनी? पोचलं नाही का?"

"पोचलं. तेच तर."

रांगेतला मागचा माणूस हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चांगोकडं बघितलं, रांगेकडं बघितलं, आणि म्हणाले, "बाजूला बसा. गर्दी सरली की बघू."

गर्दी सरल्यावर त्यांनी चारी कार्डं टेबलावर ओळीनं मांडली. आपल्या पोस्टात त्या सालची एकही वही आता नाही, मुदत सरली की रद्दी होते, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. "पण शिक्के बोलतात," ते म्हणाले. "हा बघा, कर्जत. इथूनच टाकलेलं आहे, कडावहून नाही. म्हणजे बाई एवढं चालत आल्या. मग पुणे, पुण्याहून कऱ्हाड, आणि कऱ्हाडहून मोटारीनं कोयना. पहिलं सहा दिवसांत पोचलं. दुसरंही सहा. चौथं सात. हे तिसरं मात्र बघा. श्रावणात टाकलंय. एकोणीस दिवस लागले. रस्ता बंद असणार पावसानं."

"एकोणीस दिवस," चांगो म्हणाला.

त्या श्रावणात जनी रोज संध्याकाळी ओट्यावर उभी राहून वाट बघत असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं. चांगो येतो का म्हणून नाही. पोशाचा अंगठा येतो का म्हणून.

"आन् कडावला पोस्ट असताना कर्जतला का आली?"

"ते मी कसं सांगू? गावच्या पोस्टात सगळे ओळखीचे असतात. कुणाला कळू द्यायचं नसेल." मास्तरांना आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं. त्यांनी कार्डं गोळा करायला घेतली. मग थांबून म्हणाले, "घेणारा मात्र अडाणी दिसतो. चारी ठिकाणी अंगठा आहे."

"कोण, पोशा? त्याला लिवता येतं. माझी कारडं तोच लिवायचा."

"मग अंगठा कशाला दिला असेल?"

कशाला दिला असेल ते चांगोला लगेच कळलं. ज्याला अक्षर ओळखू द्यायचं नाही तो अंगठा देतो. चोर हातमोजा घालतो तसा.

"मी तुम्हाला एक सांगू का?" मास्तर म्हणाले. "ज्याच्या नावचं होतं त्याला मिळालं. पोस्टाचं काम इथं संपलं."

"पोस्टाचं संपलं आसंल," चांगो म्हणाला.

पुढचे चार दिवस त्यानं घरात जनीशी भांडण केलं. मेलेल्या माणसाशी भांडणं सोपं नसतं, ते मधे बोलत नाही. भाकरी थापताना तो म्हणायचा, एकदाच बघितलं होतंस तू त्याला, कर्जतच्या स्टेशनावर, आम्ही निघालो तेव्हा. एकदाच. तेवढ्यात काय बघितलंस त्याच्यात? लुकडा, गालफडं बसलेला. माझ्यासारखा एक जरी त्यानं पाठीवर घेतला असता तर मोडला असता. मग त्याला आठवायचं, की पोशा गोड बोलायचा. बायांना 'वहिनी, वहिनी' करायचा. आणि आपण कधी दोन शब्द बरे बोललो? हे आठवलं की त्याला पोशाचा जास्तच राग यायचा.

आणखी एक गोष्ट त्याला टोचत राहिली. जनीला एक बोलायची सवय होती. बाजारातून यायला त्याला उशीर झाला, की ती दारातच म्हणायची, "कोयनेला जाऊन आलात वाटतं." शेजारणी हसायच्या, तोही हसायचा. पंधरा वर्षं तो हसत होता. आता त्याला वाटलं, हिच्या जिभेवर कोयना सारखी का होती? कारण कोयनेला हिचं माणूस होतं.

पाचव्या दिवशी त्यानं कार्डं बंडलात बांधली आणि एस.टी.नं चौक गावी गेला. तिथून दुसरी गाडी धरून रसायनीला. पोशा तिथं एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी आहे, हे त्याला ऐकून माहीत होतं. फाटकावर कळलं, की पोशाची पाळी संपली, तो नदीकडच्या चाळीत आहे.

पोशा दारात बसून तांदूळ निवडत होता. चांगोला बघून त्यानं सूप खाली ठेवलं आणि तोंडभर हसला. "आरं चांगो! किती वर्सांनी रं! ये, ये. वाट चुकलास का काय? वहिनी बरी हाय ना?"

"मेली," चांगो म्हणाला. "वर्स व्हईल आता."

पोशाचं हसू गेलं. तो सुपातले तांदूळ बोटानं इकडचे तिकडं करत राहिला. चांगो त्याच्याकडं बघत उभा होता आणि मनात मोजत होता. ओळखीच्या माणसाची बायको गेली, तर माणूस 'अरेरे' म्हणतो, 'काय झालं होतं' विचारतो. हा गप्प. परक्या बाईसाठी कुणी एवढा वेळ गप्प बसत नाही.

चांगोनं कार्डं सुपात टाकली.

पोशानं ती ओळखली. उचललीही नाहीत. "तिनं ठिवली व्हती?" एवढंच म्हणाला.

"लुगड्याच्या घडीत. आता बोल."

"बस तरी."

"उभाच बरा हाय मी. बोल."

पोशा उठला, आत गेला, पाण्याचा तांब्या आणून चांगोपुढं ठेवला. चांगोनं पाण्याला हात लावला नाही. मग पोशा उंबऱ्यावर बसून बोलायला लागला, खाली बघत.

"पयलं पार्सल आलं तवा मला वाटलं पोस्टमन चुकला. वर माझं नाव. पुरं, बापाच्या नावासकट. खाली धाडणार, जनी चांगो भोईर. मला जल्मात कुणी काय धाडलं नव्हतं रं. मी दोनदा वाचलं, चारदा वाचलं. स्टेशनावर ती मला म्हनली व्हती, भावजी, संबाळून रावा. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय वाटायचं ते वाटलं. मी काय सांगू तुला."

चांगोच्या मुठी वळल्या. "आन् अंगठा?"

"कारड माघारी तुझ्या गावात जाणार. पोस्टमन वाचील, आनखी कोन वाचील. माझी सही बघितली असती तर तिचं नाव गेलं असतं. अंगठा कुणाचा बी आसतो. मला वाटलं, एवढ्या बाईनं मन करून धाडलंय, तर आपन तरी तिला बट्टा लावू नये."

"लई संबाळलंस!"

"संबाळलं," पोशा म्हणाला. "आन् तुला निम्मं दिलं. दर वेळी निम्मं. तेवढी तरी माझी लाज ऱ्हाऊ दे."

"बंडी निम्मी दिली नाय."

यावर पोशानं पहिल्यांदा मान वर केली. "बंडी आली तवा कळलं मला."

"काय कळलं?"

"अंगात घातली आन् कळलं. खांदे असे, का माझ्यासारखे दोघं बसतील. आन् खिसा उजव्या अंगाला. चांगो, तू विडी कोणत्या हातानं काढतोस?"

चांगो डावखुरा होता. घण डाव्या हातानं मारायचा, भाकरी डाव्या हातानं मोडायचा, आणि त्यापायी लहानपणी आईचा मारही खाल्लेला होता. त्याचा डावा हात आपोआप सदऱ्याच्या उजव्या बाजूला गेला आणि तिथंच थांबला.

"तुझी व्हती ती," पोशा म्हणाला. "मग मला कळलं का फेण्या बी तुझ्या, सुकट बी तुझी. नाव माझं का घातलं ते मला आजपातुर कळलं नाय. पन माल तुझा व्हता."

"मग सांगितलं का नाय? एका खोलीत व्हतो आपन!"

"त्याच दिवशी सांगणार व्हतो. तू बंडी बघून हसलास. म्हनलास, तुझ्या मावशीला शिवता येत नाय. सगळ्या खोल्या हसल्या. मी म्हनलं, ज्याला किंमत नाय त्याला कशाला सांगू." तो थांबला. "नाय. खोटं बोलत नाय आता. तुझा हेवा वाटायचा. तुला समदं व्हतं आन् तू दिसभर कुरकुरायचास का माझं कुनी नाय. मला वाटलं, एक बंडी माझ्याकडं ऱ्हायली तर याचं काय जातंय."

"चौथं आलं तेबी घेतलंस."

"घेतलं."

"ते मी बघितलंच नाय. काय व्हतं त्यात?"

"तिळगूळ," पोशा म्हणाला. "ते मी एकट्यानं खाल्लं."

चांगोनं हात उचलला. पोशा हलला नाही. म्हणाला, "मार. मारशील तर बरं वाटंल मला." ते ऐकून चांगोचा हात खाली आला. याला बरं वाटावं असं त्याला अजिबात वाटत नव्हतं.

पोशा आत गेला आणि खुंटीवरची बंडी घेऊन आला. रंग उडालेला, खांद्यांवर ठिगळं. ठिगळं पोशानं स्वतः लावली होती, मोठ्या मोठ्या टाक्यांची. जनीचे टाके बारीक, तांदळाच्या कणीएवढे. दोन्ही टाके एकमेकांशेजारी बघून चांगोला पुन्हा भडकल्यासारखं झालं. पंधरा हिवाळे हा माणूस तिच्या टाक्यांत झोपला होता. त्यानं बंडी ओढून घेतली आणि पाणी न पिता निघाला.

मागून पोशा म्हणाला, "तिला काय झालं व्हतं रं?"

चांगो चालत राहिला.

एस.टी.त बंडी मांडीवर घेऊन बसल्यावर त्याला शिमग्याची ती संध्याकाळ आठवली. साठ सालचा शिमगा. तो कोयनेहून सुट्टीवर आला होता. आई चुलीपाशी बसली होती, जनी भाकरी करत होती. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "थंडी व्हती का तिकडं?"

"मरणाची."

"मग अंगावर काय घालायचात?"

"काय घालणार? मला कोन धाडतंय?"

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि करपली. आई ओरडली. जनी त्यानंतर काही बोलली नाही, त्या रात्री नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तिला भाकरी करपल्याचं वाईट वाटलं असेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. आणि 'कोयनेला जाऊन आलात वाटतं' हे तिचं बोलणं त्या शिमग्यापासून सुरू झालं होतं. आधी नव्हतं. आता त्याला ते नीट आठवलं. पण ते नाव? बंडी आपली, तिळगूळ आपला, मग वर पोशाचं नाव कसं? एवढी एक गाठ काही केल्या सुटत नव्हती, आणि ती सुटत नाही तोवर जनी त्याची होत नव्हती.

वर्षाच्या आदल्या दिवशी शेलूहून मंगळी आली, त्याची मुलगी. आल्या आल्या तिनं तांदळाचा डबा उघडून टाक बघितला, वर काढून पदरानं पुसला आणि पुन्हा पुरला. फेण्यांचा डबा सोबत आणला होता. नैवेद्याला आईच्या आवडीचं हवं म्हणाली.

"टाक बसवायचा का नाय ते अजून ठरलं नाय," चांगो म्हणाला.

"म्हंजे? बा, असं काय बोलतोस?"

त्यानं कार्डं तिच्यापुढं टाकली. मंगळीला थोडं वाचता येत होतं. पण तिनं अक्षरांकडं बघितलंच नाही. अंगठ्याकडं बघितलं आणि हसली. "ही अजून हायत? आरं, हे आलं का आय मला दाखवायची. म्हनायची, ह्यो तुझ्या बाचा अंगठा. मी त्याच्यावर माझा अंगठा ठिवायची आन् म्हनायची, बाचा केवढा मोठा!"

चांगो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "तिला माझा वाटायचा?"

"मग कुनाचा? पार्सल तुला धाडलं, तर अंगठा कुनाचा असनार?"

"वर नाव वाच."

मंगळीनं अडखळत वाचलं. कपाळाला आठी घातली. पुन्हा वाचलं. मग एकदम म्हणाली, "थांब, थांब. मला ठाव हाय हे."

ती भिंतीला टेकून बसली.

"मी चार-पाच वर्सांची आसंन. आय मला घिऊन कर्जतला गेली. आजीला सांगितलं देवळात जाते म्हनून, कारन आजीनं घरातलं काय भाईर धाडू दिलं नसतं. पोस्टात जाळीमागं बाबू व्हता. त्यानं इचारलं, घेनाऱ्याचं नाव? आयनं मान खाली घातली. तो पुन्ना इचारी, बाई, नाव सांगा, नाव नाय तर पार्सल कुनाला द्यायचं? आता आय तुझं नाव कशी घेनार? तिनं कधी घेतलं का जल्मात? मला म्हनली, सांग गं बाचं नाव. मी म्हनलं, बा."

चांगोच्या तोंडून हुंकारासारखं काहीतरी निघालं.

"सगळं पोस्ट हसलं. मला लई लाज वाटली, म्हनून तर आठवतंय. मग आयनं चोळीतनं कारड काढलं. तुझंच, तिकडनं आलेलं. बाबूला म्हनली, ह्याच्यावर धाडनाऱ्याचं नाव हाय, तेच लिवा. त्यानं बघून लिवलं, आन् आयचं नाव पत्त्यातनं घेतलं. पुढल्या येळेला पन तेच कारड घिऊन जायची."

चांगोला आता आठवलं. पहिलं कार्ड लिहून झालं, तेव्हा पोशानं विचारलं होतं, खाली धाडणाऱ्याचं नाव कुणाचं टाकू? चांगो म्हणाला होता, "तुझंच टाक. खोली तुझी, मला इथं कोन वळखतंय." त्यानंतर पोशानं विचारलं नाही. दर कार्डाखाली स्वतःचं नाव लिहिलं. ते नाव जनीनं चोळीत ठेवलं, कारण ते तिच्या नवऱ्याचं होतं असं तिला वाटत होतं. तोंडानं घेता येत नव्हतं म्हणून कागदावरून दिलं.

"मग धाडायचं का बंद केलं तिनं?" मंगळी म्हणाली. "शिमग्यानंतर एकदा पन नाय धाडलं. मी इचारलं तर म्हनली, तुझ्या बाला तिकडं लागत नाय आपलं काय."

का ते चांगोला ठाऊक होतं. बंडी पोचली होती, अंगठा आला होता. आणि अंगठा देणारा माणूस घरी येऊन म्हणाला, मला कोण धाडतंय. मग बंडी कुणाच्या अंगावर गेली? फेण्या कुणी खाल्ल्या? जनीनं विचारलं नाही. सासूदेखत विचारता येत नव्हतं आणि नंतर विचारायची तिची छाती झाली नसावी. तिनं मनाशी एक बाई उभी केली, कोयनेची, आणि पंधरा वर्षं तिच्यावर जळत राहिली. शेजारणींसमोर हसत बोलायची, म्हणजे कुणाला कळू नये. आणि त्याच चार कार्डांवरून तो स्वतः अकरा दिवसही तिच्यावर विश्वास ठेवू शकला नाही.

"बा, टाक बसवायचा ना?"

"बसवायचा," तो म्हणाला.

रात्री त्यानं बंडी धुतली. तीनदा साबण लावला तरी पोशाच्या विडीचा वास गेला नाही. पोशाचा राग गेला नव्हता, तो जाईल असंही त्याला वाटत नव्हतं. ठिगळं मात्र त्यानं उसवली नाहीत, कारण ती काढली असती तर जनीचं कापडही फाटलं असतं.

सकाळी भाऊबंद जमायच्या आधी त्यानं अंघोळ करून बंडी अंगात घातली. एके काळी त्याच्या मापाची होती ती. आता वर्षभरात तो इतका उतरला होता, की पोशाच्या अंगावर लोंबायची तशीच त्याच्याही अंगावर लोंबली. डावा हात मात्र न शोधता खिशात गेला.

त्यानं तांदळातून टाक काढला, दुधानं धुतला, हळदकुंकू लावलं आणि आजीच्या टाकाशेजारी ठेवला. बाई अजून कुणासारखीच दिसत नव्हती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"कोयनेला कुनी नव्हतं गं," तो म्हणाला. "आईशपथ कुनी नव्हतं."

मंगळी स्वयंपाकघरात होती. तिला वाटलं, बा काही मागतोय. ती दारात येऊन उभी राहिली. चांगोनं मागं बघितलं नाही. टाकाकडं बघत, चारचौघांना ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला, "फेण्या चांगल्या झाल्यात. लई चांगल्या झाल्यात. खुसखुशीत."

"बा," मंगळी म्हणाली, "फेण्या अजून तळल्या नायत."